‘रिकामे’ असे लिहिलेले रीळ

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय छप्पन्न, पेशाने रेडिओचा फिरता बातमीदार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. दबाव म्हणाल तर फक्त रक्ताचा. हृदयाची एक झडप बदलायची असल्यामुळे परवा दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. “काळजीचं काही कारण नाही,” असे डॉक्टर ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मी आयुष्यभर मंत्र्यांच्या तोंडून ऐकत आलो आहे. म्हणून हा कागद. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचा कोणी दावा केला, तर ते ऐकायला मला आवडले असते.

कलम पहिले. मी राहतो ते दोन खोल्यांचे घर, सामानासकट, माझ्या एकुलत्या एका मुलीला. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही. ती ‘उद्या’ दुरुस्त करण्याचा माझा जुना हक्कही तिच्याकडे जातो. बँकेत जे असेल ते तिचेच.

कलम दुसरे. संस्कृतची पुस्तके मी ज्या पाठशाळेत शिकलो तिला परत. तिथले आमचे गुरुजी मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवून विचारायचे, “काय दिसतं?”

“काही नाही, गुरुजी.”

“काय नाही?”

मग ते म्हणायचे, “भूतले घटो नास्ति. जमिनीवर घडा नाही. घडा नाही हे एक, पाटी नाही हे दुसरं. प्रत्येक नसणं निराळं असतं, गाढवांनो.” मला ते परीक्षेपुरते कळले. उरलेले लग्नानंतर कळले.

कलम तिसरे. खांद्याला अडकवून न्यायचा, रिळांवर चालणारा टेप रेकॉर्डर, हेडफोन आणि माइकसह, मुलीला. आमच्या रेडिओ केंद्राने तो मोडीत काढला तेव्हा मी विकत घेतला. हे मशीन खरे पाहता माझे कधीच नव्हते. माझी पत्नी केंद्राची ध्वनिमुद्रक. गावोगाव मी प्रश्न विचारायचो आणि ती हेडफोन लावून, आवाज मोजणाऱ्या काट्यावर नजर ठेवून उभी राहायची. मी फार लांबण लावले की भुवई उचलायची. लग्नानंतर ती भुवई घरीही आली.

मुलाखत संपली की आमच्या धंद्यात एक रीत असते. सगळ्यांनी जागच्या जागी स्तब्ध उभे राहायचे आणि त्या ठिकाणची नुसती शांतता टेपवर घ्यायची. पुढे मुलाखत कापून जोडताना दोन वाक्यांमध्ये ती भरावी लागते, नाहीतर कान ठेचकाळतो. याला पत्नी ‘जागा घेणं’ म्हणायची. एका कापडाच्या कारखान्यात पाळी सुटल्यावर ती जागा घ्यायला उभी राहिली, तेव्हा तिथल्या मुकादमांना राहवले नाही.

“बाई, माग बंद, माणसं गप्प. आता यात काय भरून नेताय?”

“तुमची जागा.”

“पण इथं काहीच नाही.”

“तुमचं ‘काहीच नाही’ वेगळं आहे, मुकादम. कालच्या शाळेतलं असलं नव्हतं.”

“मग आमचं बरं आहे का?”

“जरा धूळ आहे त्यात.”

मुकादम हसले. “हसलात,” ती म्हणाली, “आता परत घ्यावी लागेल.” मी मात्र गुरुजींची आठवण येऊन नको तितका वेळ तिच्याकडे बघत राहिलो.

मुलगी बोलू लागण्याआधीच पत्नी गेली. तापाचे निमित्त झाले आणि आठवड्यात सगळे आटोपले. पुढे मुलगी वाढली तसा तिचा एकच प्रश्न वाढत गेला, “बाबा, आईचा आवाज कसा होता?” मी नक्कल करून दाखवायचो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “हा तर तुमचाच आहे.” बरोबर बोलायची. जिने जगाचे आवाज गोळा केले, तिचा स्वतःचा मात्र कुठेच नव्हता. मी माइक पुढे केला की म्हणायची, “माझा आवाज नको. दिवसभर कानात तुमचा असतो, तेवढी शिक्षा पुरे.”

कलम चौथे. राग. तिचा आवाज एका ठिकाणी मात्र असायचा. प्रत्येक जागेच्या सुरुवातीला ती ठिकाणाचे नाव सांगून म्हणायची, “हलू नका. जागा घेते.” केंद्रातले संपादक, ज्यांना आम्ही सगळे ब्लेडवाले म्हणतो, तेवढा तुकडा कापून टोपलीत टाकायचे. ते त्यांचे कामच होते. ती गेल्यावर मी त्यांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

“एखादा तरी तुकडा राहिला असेल हो कुठे.”

“साहेब,” ते म्हणाले, “सुरुवातीचं मी कधीच ठेवलं नाही.”

मग आम्ही दोघेही त्या टोपलीकडे बघत बसलो. ती नुकतीच रिकामी केलेली होती. त्यांची चूक नव्हती, काम चोख होते, आणि नेमके तेच मला सहन झाले नाही. त्यानंतर एकाच उपाहारगृहात आम्ही वर्षानुवर्षे पाठीला पाठ लावून चहा प्यालो. ते या कागदावर साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात. पण राग ही मिळकत नसल्यामुळे तो इथे सोडून देण्यास कायद्याची हरकत नसावी. सोडला.

कलम पाचवे. मशीनची चामडी पिशवी, पट्ट्यासह, माझ्या मेहुण्यांना, म्हणजे मुलीच्या मामांना. “माझ्या बहिणीच्या खांद्यावर हमाली लादलीत,” असे ते मला तेराव्याला म्हणाले आणि नंतर काहीच म्हणाले नाहीत. भाचीला भेटायला येतात, पण दारातूनच परत जातात. मामा, पट्ट्याचे बक्कल बघा. तिने ज्या भोकात अडकवले होते त्यातच आहे. मशीन विकत घेतल्यापासून मला तो पट्टा आखूड पडायचा, बगलेत काचायचा. तरी मी भोक बदलले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही मी तुमच्यावरच सोपवतो. त्यासाठी तुम्हाला उंबरठ्याच्या आत यावे लागेल. कलमाचा हेतू तोच आहे.

कलम सहावे. एक छोटे रीळ, डबीवर ‘रिकामे’ असे लिहिलेले. हे मुलीला. इथून पुढे मी कायद्याची भाषा सोडतो. मुली, हे तुझ्याशी बोलतो आहे.

तुझी आई गेल्यावर मशीन केंद्राच्या भांडारात पडून होते. मोडीत निघाले तेव्हा हे रीळ त्याच्यावरच चढवलेले होते. भांडारवाल्याने लावून ऐकले, काही ऐकू येईना, म्हणून डबीवर ‘रिकामे’ लिहून मशीनबरोबर मला देऊन टाकले. तुझ्या आईच्या शेवटच्या फेरीच्या जागा त्यात आहेत. सुरुवाती कापलेल्या आहेत, हे तुला कळलेच. पण शेवट कोणी कापला नव्हता, कारण शेवट कोणाला लागतच नाही. जागा घेताना तुझी आई श्वास रोखून धरायची. मग सोडायची, आणि मगच बटण दाबायची. ब्लेडवाल्यांची तक्रार असायची, “बाईंना सांगा, शेवटी फुस्स येतं.” मी तिला ते सांगायचे विसरत असे. आयुष्यात माझे एवढे एकच विसरणे उपयोगी पडले.

तेवढेच आहे. प्रत्येक जागेच्या शेवटी एक श्वास. तू आवाज मागत होतीस, आणि माझ्याकडे फक्त हे होते. ते हातावर ठेवायची लाज वाटली, म्हणून आजवर बोललो नाही. दुसऱ्या रिळावर उतरवून पाहिले, तर टेपच्या खरखरीत श्वास बुडून गेला. मूळ टेपही आता झडते आहे. मागच्या वेळी लावली तेव्हा मशीनवर तांबूस भुकटी राहिली. दुरुस्तीवाले म्हणाले, “अजून एकदा नीट वाजेल. पुढचं मी सांगत नाही.” परवा जायच्या आधी ऐकावे असे फार वाटते आहे. ऐकणार नाही. ते एकदा तुझे आहे.

हेडफोन लावून बस. शेवटची जागा ही आपली आतली खोली आहे. कापून परत आलेले हेच रीळ चढवून मशीन तपासायला तिने घरी आणले होते, आणि तू पाळण्यात झोपलेली होतीस. म्हणून ‘हलू नका’ न म्हणता मला तिने खुणेनेच दारात थांबवले. तिथे शेवटी तिचा श्वास येतो, पण त्याआधी सबंध जागाभर एक बारीक श्वास चालू आहे. तो तुझा आहे. त्याने जागा खराब होणार होती, तरी तिने तुला उचलून बाहेर नेले नाही. त्या दारात मीही आहे, पण मला शिस्त असल्यामुळे मी टेपवर ऐकू येत नाही.

कलम सातवे. एक कोरे रीळ, न उघडलेले, कपाटाच्या वरच्या फळीवर. दवाखान्यातून मी परत आलो तर हे कलम रद्द. नाही आलो, तर माझ्या जुन्या बातम्या कोणाला ऐकवू नयेत. लोक निघून गेले की हे रीळ चढव आणि आतल्या खोलीची जागा घे. काय म्हणायचे ते तुला आता माहीत आहे. मोठ्याने म्हण, आणि ते कोणाला कापू देऊ नकोस. मग हलू नकोस. मी नसलेली खोली कशी वाजते ते टेपवर येऊ दे.

शेवटी श्वास सोड. बटण मग दाब.

स्थळ: राहते घर, आतली खोली, दाराजवळचे टेबल.
दिनांक: दवाखान्यात दाखल होण्याच्या दोन दिवस आधी, दुपारी.

सही: बातमीदार, मुलीचे बाबा

आमच्यादेखत सही केली. करताना हात स्थिर होता.
साक्षीदार पहिले: ब्लेडवाले, केंद्रातून निवृत्त. (यांनी सही करण्यापूर्वी कलम चौथे दोनदा वाचले व चहा मागितला. दिला.)
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या पोस्टमास्तरीणबाई. (कलम सहावे वाचल्यावर यांनी उठून, न सांगता, स्वयंपाकघराची खिडकी ओढून लावली. लागली.)