टेकडीवरून आमचं नाव

प्रिय चिंगे,

वेदीपुढे झगा घालून उभी राहतेस, लोक तुला पाळकबाई म्हणतात, पण मी चिंगीच म्हणणार. तुझा शेंबूड पुसलेल्या आजीला तेवढा हक्क आहे. अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं आहे, लावून घे. चौथीत शाळा सुटली आणि इस्त्री हाती आली, ती अजून सुटली नाही. फोनवरच बोलले असते, पण माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या आईचा उचलायचीस आणि नुसतं हूं हूं करायचीस. कागदापुढे हूं हूं करता येत नाही. आता शेवटपर्यंत वाच, अर्ध्यात घडी घालून उशीखाली ठेवू नकोस.

टेकडीवरच्या चर्चला कुलूप लावून, किल्ली राखणदाराच्या हातात देऊन तू मैत्रिणीच्या घरी जाऊन बसलीस, हे मला कळलंय. का, तेही कळलंय. आईला तू म्हणालीस, मी ज्यांची नावं घेऊन प्रार्थना केली तीच माणसं गेली, माझ्या तोंडाला यश नाही, आता मी कुणाचं नाव घेणार नाही. आई रडत रडत मला सांगत होती आणि मी एका कॉलरला पाणी मारत होते. म्हटलं, पोरीच्या तोंडात एवढी ताकद असेल तर तिला सैन्यात पाठवा, तोफांचा खर्च वाचेल. आई चिडली. तुलाही राग येईल. येऊ दे. रागावलेलं माणूस निदान ताठ बसतं.

इकडे लाँड्री अर्धं शटर वर करून चालू आहे. या साथीनं धंद्याची मोठी गंमत केलीय. लोक घरात कॉम्प्युटरपुढे बसतात, वरून साहेब आणि खालून पायजमा. त्यामुळे माझ्याकडे नुसते शर्ट येतात. पँट कशी असते हे मी विसरायला आलेय. गल्लीत ॲम्ब्युलन्स आली की सगळ्यांच्या खिडक्या बंद होतात आणि पडद्यामागून सगळे बघतात. कुणाच्या दारात थांबली ते कळलं की मग ज्याच्या त्याच्या घरातून भांड्यांचे आवाज सुरू. जिवंत असल्याची खूणच म्हण ना.

आमचं इथलं चर्चही बंदच आहे. वेदीवरचं कापड मी तरीही दर शनिवारी धुते, खळ घालते, कडक इस्त्री करते आणि पेटीत ठेवते. पुढच्या शनिवारी काढून पुन्हा धुते. भोंगा म्हणतो, म्हातारे, कुणी बघत नाही तर कशाला झिजतेस? भोंगा म्हणजे समोरचा सुतार, गायनमंडळात खालचा सूर लावतो आणि बाकी सगळ्यांचा बुडवतो, तो. म्हटलं, तू अंघोळ कुणी बघावं म्हणून करतोस का? त्यावर त्याची बायको आतून हसली, म्हणजे अंघोळीचंही काही खरं नसणार.

आपले पाळकसाहेब आजारातून उठले, पण एक वाक्य म्हटलं की धाप लागते. म्हणून रविवारच्या प्रार्थना माझ्या गळ्यात पडल्या. उपासना आता फोनवर असते. आमची, पुलाजवळची, स्टेशनमागची आणि तुझी टेकडीवरची, अशा चारही चर्चची माणसं एकाच वेळी फोन लावतात, स्टेशनमागच्या चर्चच्या हेडमास्तरीणबाई सगळ्यांना जोडून देतात. मी फोन खळीच्या बाटलीला टेकवते आणि इस्त्री बंद करते. फोनमध्ये कुणाच्या नळाची धार, कुणाचं पोर रडतंय, कुणी घोरतंय. मध्येच कुणी खोकलं की एकदम सगळे गप्प. प्रत्येक जण मनात ओळखत असतो, हा खोकला कुणाच्या घरचा.

आता जे सांगतेय ते तुला ठाऊक आहे. पण तू विसरल्यासारखी वागतेस, म्हणून पुन्हा सांगते. आपण अँग्लिकन माणसं. डोळे मिटून सुचेल ते बोलत सुटणं आपल्याला जमत नाही. आपल्याला छापील प्रार्थनांचं पुस्तक लागतं आणि रांग लागते. या चार चर्चची रांग माझ्या लग्नाच्याही आधीपासूनची आहे. एका रविवारी आम्ही पुलाजवळच्या चर्चसाठी प्रार्थना करायची. पुढच्या रविवारी पुलाजवळच्यांनी स्टेशनमागच्यांसाठी. मग स्टेशनमागच्यांनी टेकडीसाठी, आणि टेकडीनं आमच्यासाठी. ज्याच्यासाठी झाली त्यानं पुढच्यासाठी करायची. नंबर सोडायचा नाही, उडी मारायची नाही. आणि करायच्या आधी त्या चर्चला विचारायचं, बाबांनो, काय मागू तुमच्यासाठी? मग त्यांचे आजारी, त्यांचे गेलेले, त्यांचं गळकं छप्पर, सगळं नाव घेऊन मागायचं.

साथ आली तसा बिशपसाहेबांच्या कचेरीतून निरोप आला की एवढा घोळ नको, सरसकट सर्व चर्चेससाठी एकच प्रार्थना करा. मी आमच्या चर्चच्या चिटणीसांना फोन करून सांगितलं, साहेब, गल्लीतले सगळे कपडे एका टबात घातले तर काय होतं ते मला विचारा. सगळे सारखेच मळकट गुलाबी होऊन बाहेर येतात, कुणाचं काय ते आईलासुद्धा ओळखू येत नाही. ते म्हणाले, आजी, तुमच्याशी कोण बोलणार. म्हटलं, तेच तर.

पुलाजवळच्या चर्चच्या वेळी मी शेण खाल्लं, ते तुला आईनं सांगितलं का? नियमाप्रमाणे आधी विचारायचं, तर त्यांचा फोन लागेना. दूधवाला सांगून गेला की पुलाजवळचे पाळकसाहेब वारले. मी म्हटलं, अरेरे, तरणाताठा माणूस. रविवारी सगळ्यांच्या कानात, मोठ्या आवाजात, गेलेल्यांच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेतलं. त्यांच्या आत्म्याला विसावा मागितला, बायकोमुलांना धीर मागितला, जरा गळाही दाटून आणला. सगळ्यांनी म्हटलं, प्रभू, आमची प्रार्थना ऐक. आणि फोनमधून बारीक आवाज आला, आजी, मी आहे अजून. वारले होते ते त्यांच्या आधीचे, निवृत्त झालेले म्हातारे पाळकसाहेब. हा बिचारा ताप अंगावर घेऊन स्वतःच्या मरणाला आमेन म्हणता म्हणता थांबला. भोंगा एवढा हसला की त्याला ठसका लागला. हेडमास्तरीणबाईंनी सगळ्यांचे आवाज बंद केले. साहेबांनी मागून फोन करून एवढंच सांगितलं, आजी, पुढच्या वेळी कृपा करून मला जिवंतांत घ्या.

हे तुला हसवायला सांगत नाही. नीट बघ. मी या तोंडानं, चार चर्चच्या साक्षीनं, त्या माणसाला पुरून टाकलं. आणि तो आज सायकलवरून घरोघर औषधं पोचवतोय, वजनही वाढलंय म्हणे. माझ्या तोंडानं तो मेला नाही, मग तुझ्या तोंडानं कोण मरणार गं? मोठी आलीय यमदूत.

त्यानंतर पुलाजवळच्यांनी स्टेशनमागच्यांसाठी केली. स्टेशनमागच्यांनी तुमच्यासाठी केली. हेडमास्तरीणबाई शाळेत कधी कुणाशी गोड बोलल्या नसतील, पण त्या दिवशी त्यांनी टेकडीवरचं एकेक घर घेतलं. तुला पेटी शिकवणाऱ्या, साथीत गेलेल्या मावशींचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. तू ऐकत होतीस की नाही कोण जाणे. आणि पुढच्या रविवारी टेकडीचा नंबर, तुम्ही आमचं नाव घ्यायचं. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, आता टेकडीवरून प्रार्थना होईल. सगळे थांबले. फोनमध्ये नुसती खरखर. कुणी म्हणालं, रेंज नसेल. चिटणीस म्हणाले, टेकडीला सध्या पाळक नाही, आपण पुढे जाऊ, आमच्या चर्चसाठी कुणीही केली तरी चालेल.

मी म्हटलं, चालणार नाही.

तेव्हापासून रांग तिथंच अडलीय. दर रविवारी टेकडीचा नंबर येतो, दर रविवारी सगळे फोन धरून गप्प उभे राहतात आणि मग आमेन म्हणून ठेवून देतात. गल्लीतले लोक माझ्यावर दात खातात. भोंग्यानं तर दुकानाच्या दारात येऊन ऐकवलं, तुझ्या नातीपायी आम्ही प्रार्थनेवाचून मरायचं का? म्हटलं, मरायचं तर खुशाल मर, पण रांग मोडू नकोस. आज टेकडी गप्प आहे म्हणून तिला वगळलं, तर उद्या आपण गप्प झाल्यावर आपल्याला कोण थांबणार आहे? तो पाय आपटत गेला. रविवारी मात्र फोनवर होता. खोकल्यावरून ओळखला.

पोरी, तू काय बघितलंस ते मला माहीत नाही असं समजू नकोस. दफनभूमीत तू एकटी आणि खड्डा खणणारे, एवढीच माणसं. अंगावर ते प्लॅस्टिक, पुस्तकाची पानं हातमोज्यांनी उलटत नाहीत, आणि घरची माणसं फाटकाबाहेर गाडीत बसलेली. राखणदारानं मला सांगितलं, त्याच्या बायकोच्या वेळी तू सगळी प्रार्थना फाटकाकडे तोंड करून ओरडून म्हटलीस, गाडीतल्या पोरांना ऐकू जावी म्हणून. दोन दिवस तुझा आवाज बसला होता म्हणे. मला त्याचा अभिमान वाटला, एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस. पण त्याच माणसाच्या हातात तू किल्ली देऊन आलीस. तो रोज दार उघडतो, झाडतो, पुन्हा लावतो. बायको गेलेला माणूस झाडतोय आणि पाळक मैत्रिणीच्या गादीवर. बघ बाई कसं वाटतं ते.

आणि मला एक सांग, तू एवढी शिकलीस. आपण आजाऱ्यांचं नाव घेतो. माणूस गेला की त्याच प्रार्थनेत जरा खाली त्याचं नाव घेतो. मेलेल्याचं नाव कशाला घेतो? बरा व्हावा म्हणून? आपण नाव सोडत नाही, एवढंच आहे ते. माणूस इकडे असो की तिकडे. मरण येतं ते येतं, त्याच्या अंगात मस्ती आहे. पण त्यानं यायचं, माणूस न्यायचा आणि वर आपण भिऊन त्या माणसाचं नावही घ्यायचं नाही? एवढा मान मी त्याला देणार नाही. देवावर रागावली असशील तर चांगलं आहे, मीही आहे. रोज इस्त्री फिरवताना त्याच्याशी भांडते. पण ते मी माझ्या जागेवर उभी राहून भांडते. तू जागा सोडून रुसलीस, तर त्याला कळायचं तरी कसं कोण रुसलंय?

आता पत्र कशाला लिहिलं ते. आठवडाभर आईचा फोन आला नाही म्हणून तुला वाटलं असेल, रुसली असेल. तुझी आई हॉस्पिटलात आहे. नाकाला नळी आहे, बोललं की दम लागतो. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती तिनं मला. म्हणाली, पोरगी माझं नाव घेईल, आणि माझं काही बरंवाईट झालं तर जन्मभर स्वतःला खात बसेल. ती शपथ मी मोडतेय, त्याचं देवाशी काय ते मी बघून घेईन. गेल्या रविवारी सगळ्यांनी मला धरलं. भोंगासुद्धा रडकुंडीला येऊन म्हणाला, म्हातारे, तुझी स्वतःची पोर आहे, आता तरी सोड हट्ट, आम्ही घेतो तिचं नाव. मी नाही म्हटलं. माझी जीभ कशी वळली ते माझं मला माहीत. पण आमच्या चर्चच्या आजाऱ्यांची नावं टेकडीनं घ्यायची असतात, आणि तुझी आई आमच्या चर्चची आहे. या रविवारी राखणदाराकडून किल्ली घे. फोन लाव. भीती वाटली तर भीत भीत म्हण, शिव्या द्याव्याशा वाटल्या तर आधी देऊन घे, मग म्हण. ती वाचेल की नाही हे तुझ्या तोंडात नाही, माझ्या नाही, डॉक्टरला विचारलं तर तोही वर बघतो. नर्सबाई भली आहे, तिनं काल मोबाइल आईच्या कानाशी धरला. मी तिला ठणकावून सांगितलं, टेकडीवरून तुझं नाव येईपर्यंत कुठं जायचं नाही. ती हूं म्हणाली.

तुझीच,
रांग अडवून बसलेली
आजी