गोंदाने केलेला घात

७ ऑक्टोबर, संध्याकाळी
रविवारची पँट घालून बघितली. उकिडवा बसलो तर मागून टरकन उसवली. चांगली अशी ती एकच. आणि रविवारीच सओदतच्या काकांनी, मुताल आकांनी, जेवायला बोलावलंय. तिच्यासाठी मुलगा बघायचाय म्हणे. अल्माटीत आल्यापासून याचीच वाट बघतोय.
खोलीतला हमदम म्हणाला, बस तोलिब, उलटी टीप शिकवतो, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, मी गवंडी आहे, सुई बायको धरेल. तो म्हणाला, आधी मिळू तर दे! हलकट.

८ ऑक्टोबर
निश्चय: आपली कामं आपण करायची. सुईशिवाय.

९ ऑक्टोबर
साइटवरून टाइल चिकटवायचा गोंद आणून लावला. अख्खी भिंत धरतो, पँट नाही धरणार? हमदम म्हणाला, भिंत कधी मांडी घालून बसते का रे? जळतो माझ्यावर.

११ ऑक्टोबर
वाळला. फळीसारखा कडक. टोचतो. मजबूत मालाची हीच खूण. उद्या हमदमलाही नेतोय. त्याच्या कोपराला ठिगळ, शेजारी मी उठून दिसेन.

१२ ऑक्टोबर, जेवून आल्यावर
घात झाला. पुलाव येईपर्यंत सगळं ठीक. सओदतने चहा ठेवला, मी पुढे वाकलो. टर्र! नेमके तेव्हाच आकांचे वडील दारात. सगळे मान द्यायला छातीवर हात ठेवून उठले. मी बसूनच. हात मात्र दोन्ही ठेवले.
आजोबांनी विचारलं, पोराचे पाय अधू आहेत का? मी म्हटलं, छे, ठणठणीत आहेत. (हे बोलायला नको होतं.)
हमदमने त्यांना धरून आणलं, पाठीला उशी दिली. सांगितलं होतं कुणी?

१४ ऑक्टोबर
आका समजूतदार माणूस. निरोप येईलच.

१७ ऑक्टोबर
आला. हमदमसाठी! आजोबांनी म्हणे त्याचं ठिगळ चाचपून विचारलं, आईने शिवलं का? हा म्हणाला, नाही, मीच. झालं, तेवढ्यावर पसंत. एका ताटात जेवलो आम्ही दोघं, आणि हा असा! मी विचारलं, तू हो म्हणालास? तर खाली मान घालून मोजा शिवत बसला. मोजा माझा होता.

१९ ऑक्टोबर
शुक्रवारी रोटी मोडून सोयरीक पक्की करणार. हमदम म्हणतो, माझ्या बाजूने तूच ये, इथे मला दुसरं कोण आहे? पँट शिवून देतो.
मी दिली नाही शिवायला.
जाईन. पण बसणार नाही.