निरांजनातल्या दोन ज्योती

सोम. ३ नोव्हें.
वाईला सुजाताकडे निघालो होतो. आंबेनळी घाटात तिसऱ्या वळणाला रस्ता डोळ्यांपुढे हलायला लागला. उतरून उलटी केली, पुन्हा गाडीत बसायचा धीर होईना. अर्ध्या घाटातून परत पोलादपूर. हे म्हणाले, "पोरीचं डोहाळजेवण तीसला. अशीच घाबरणार असशील तर मी एकटा जाईन." आई घरी, ओटी बाप भरणार!

गुरु. ६
डॉक्टर. बी.पी. ठीक. "काकी, टेन्शन आहे. मुलगी सासरी गेली की होतं." म्हटलं, आधी चक्कर येते हो, भीती मागून येते. त्यांचं लिहून झालं होतं. मनाची गोळी, रोज एक.

शनि. ८. संकष्टी
गोळीने दिवसभर गुंगी. अथर्वशीर्ष दोनदा चुकले. जाऊबाई वरच्या वाडीतून आल्या. "बाहेरचं काय लागलं नाय ना गो?" मिरच्या ओवाळल्या. ठसका साऱ्या घराला, चक्कर होती तिथेच. जाताना म्हणाल्या, "नि पोथी वाचताना मान वाकडी का करतेस? सरळ बस की."
सरळ बसले तर ओळ निसटते. डावा डोळा पदराने झाकला की जागेवर येते. हे कोणाला...

गुरु. १३
वाचायचा नंबर वाढला असेल म्हणून महाडला डोळे तपासायला. तपासणारी मुलगी सुजाताच्याच वयाची. एकेक डोळा झाकून उघडून पाहिला. मग, "काकी, एकाचं दोन दिसतं कधी?"
शेवटी सांगितलं. निरांजनाची ज्योत दोन दिसते. कैक वर्षं. मी कृपा समजत होते, आणि कृपा कोणाला सांगत फिरायची नसते.
हसली नाही. "नजर चांगली आहे. पण एक डोळा किंचित वर राहतो. दोन्ही जुळवताना मेंदू दमतो. म्हणून चक्कर, मग धडधड." एक तिरकस काच धरली. समोरच्या दुकानाची पाटी गप्प उभी राहिली. रडू आलं, रागाने. आतल्या डॉक्टरांनीही बघून तेच सांगितलं. चष्मा दोन आठवड्यांनी.
ह्यांना सांगितलं. "तिरळी? दिसत तर नाहीस!" दिसले असते तर गोळी कशाला मिळाली असती?

गुरु. २७. मार्गशीर्षातला पहिला
चष्मा आला. घट मांडला, निरांजन लावलं. ज्योत एक. चष्मा काढला, दोन. पुन्हा लावला, एक. दुसरीची जरा चुटपुट लागली. महालक्ष्मीची पोथी एका बैठकीत झाली, मान सरळ.
हे म्हणतात, "बघ, गोळ्या लागू पडल्या." गोळ्या डॉक्टरांना विचारून आठवड्यापूर्वीच बंद केल्यात! ह्यांच्या समोरच विचारलं होतं.
खण-नारळ पिशवीत भरला. उद्या सकाळची एस.टी. खिडकीशी मी बसणार. तिसऱ्या वळणाला उलटी झाली तर जन्मभर ह्यांचंच खरं.
आई महालक्ष्मी, तेवढं वळण निभावून ने.