रिकाम्या जागी शून्य

२ जून
सोलापुरात आले. कुर्डुवाडीहून फार लांब नाही, पण स्वतःच्या पगारातली पहिलीच खोली, म्हणून सगळं आवडतंय. खाली घरमालकीण पार्वतम्मा आणि त्यांचे दोन यंत्रमाग. टॉवेल विणतात, एकट्याच राहतात. मागांच्या आवाजाने माझ्या टेबलावरचा कप सरकतो. संध्याकाळी भाकरी आणि शेंगाचटणी देताना त्यांनी माझं काम विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, रेघा मारायचा पगार मिळतो व्हय, लई बेस हाय की. मी हसले. सहसा हसत नाही.

४ जून
काम असं. सुताच्या धुळीत राबणाऱ्या विणकरांना आमच्या संस्थेने मास्क दिलेत. प्रत्येकाने एका नळीत जोराने फुंकायचं. आतला काटा सरकतो, तो आकडा म्हणजे श्वासाचा जोर. पहिली तपासणी १ जूनला झाली, दुसरी १ जुलैला होणार. त्याचा मी स्लोप चार्ट करते: डावीकडे पहिला आकडा, उजवीकडे दुसरा, माणशी एक रेघ. मधल्या दिवसांचं चार्टला काही माहीत नसतं. सॉफ्टवेअर दोन टोकं सरळ जोडून टाकतं.
देणगीदारांना नमुना दाखवायचा म्हणून माझे वरिष्ठ नईम सरांनी उजवीकडचे आकडे अंदाजाने भरले. यादीत पार्वतम्माही आहेत, त्यांची जागा तेवढी रिकामी. दुसऱ्यांदा फुंकायला मी काय फुंकणी हाय का, असं त्यांनी संस्थेला ऐकवलंय. टोक नसलं की रेघ येत नाही. सर म्हणाले, यादीत नाव आणि चित्रात रेघ नाही, हे वाईट दिसतं. मी ‘रिकाम्या जागी शून्य’ हा पर्याय निवडला. त्यांची रेघ तीनशेवरून थेट तळाला गेली.

११ जून
पार्वतम्मा जिन्यात दोनदा थांबल्या. ऑफिसची एक नळी माझ्याकडे आहे. गोड बोलून फुंकायला लावलं. दोनशे. चार्टवर त्यांच्या रेघेचं आजचं स्थान बघितलं. दोनशे. योगायोग असणार.

१६ जून
दीडशे. रेघेवरही दीडशे. शेजारच्या मायाप्पांची रेघ वर जाते. त्यांनाही फुंकायला लावलं. तेही नेमके रेघेवर.
डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे. खाली एकच माग चालू आहे.

१९ जून
रिकाम्या जागी मीच तीनशे लिहिले. संध्याकाळी दोन्ही माग चालू झाले. पार्वतम्मा न थांबता जिना चढून आल्या. पोरी, माझ्या तोंडाकडं काय बघतीस, लगीन ठरवायलीस का माझं, असं म्हणाल्या. नळीत तीनशे.
रडू आलं. त्यांना दिसू दिलं नाही.

२० जून
सरांनी आकडा पुसला, रेघ परत तळाला गेली. न मोजलेलं लिहायचं नाही म्हणाले. तुम्ही तर बाकीचे सगळे आकडे अंदाजानेच लिहिलेत, असं मी म्हटलं. दुपारी फाइल बदलायचा माझा अधिकार गेला. मग मी सरांना खरं कारण सांगितलं. दोन दिवस घरी जाऊन ये, म्हणाले.
पार्वतम्मा: एकशे दहा.

२५ जून
साठ. दवाखान्यात दाखल केलं. सरांना म्हटलं, मोजलंय, साठ आहे, तेवढे तरी भरा. पाया पडते, असंही मी म्हटलं. ते म्हणतात, दुसरी तपासणी १ जुलैची, त्याच दिवशीचा आकडा चालेल.
त्या दिवशी काय उरेल ते मला —

२८ जून
तीस. ऑक्सिजन लावलाय. फरक नाही.

३० जून
दहा. बोलत नाहीत. माझं मनगट धरून ठेवलंय, सोडत नाहीत —

१ जुलै
सरांचा फोन. आकडा सांग, आत्ता भरतो. नळी पार्वतम्मांच्या ओठांना लावली. काटा जागचा हलला नाही. परत लावली. परत. छाती हलत नव्हती. सर विचारत होते, हॅलो, किती?
मी नळी माझ्या तोंडाला लावली. फुंकलं. चारशे दहा. पार्वतम्मांचे म्हणून सांगितले.
भरले, म्हणाले.
पार्वतम्मांनी श्वास घेतला. मोठ्ठा. उठून बसल्यात. भूक लागलीया म्हणतात —
खात्रीसाठी मी परत फुंकलं. काटा जागचा —
पोरी, कुटं दुखतंय, बोल की, असं त्या — बोलता येत नाही, म्हणून लिहिते — सर, तो आकडा माझ्या श्वासाचा होता — पण खोडू नका — त्यांचाच राहू द्या, खोडू न