दौऱ्यावर गोळाभात

१ नोव्हें. ७६, रायपूर
लॉजचा म्यानेजर सकाळीच दारात. "बाईजी, कमरे में चूल्हा नहीं चलेगा." म्हटलं चूल कुठे, वातीचा स्टोव्ह आहे, चहापुरता. खोटं. काल त्यावर वरणही झालं. दिवसभर बायांना कंपनीचा कुकर चालवून दाखवायचा आणि आपण बाहेरचं गोडूस खायचं? जवसाची चटणी अर्धी उरली. जपून खाणे.

३ नोव्हें., रायपूर
मुंबईचे नवीन साहेब आले. माझा होल्डॉल पाहिला, त्यात घरची उशी, स्टोव्ह, चटणीचा डबा. हसले. "बाई, संसार घेऊन फिरता?" मी म्हटलं, लॉजच्या उशीला दुसऱ्याच्या डोक्याचं तेल असतं. घरच्या उशीवर झोप लागते.
"एवढी घराची आठवण येते, तर नागपूर ऑफिसात टेबल देतो. दौऱ्यावर पुरुषमाणूस पाठवू."
आता उत्तर सुचून राहिलं आहे, पण ऐकायला कोणी नाही.

४ नोव्हें.
म्यानेजरनं स्टोव्ह खाली ठेवून घेतला. ठीक. आज हॉलमध्ये बायांपुढे कंपनीनं छापलेल्या कार्डावरचा पुलाव केलाच नाही. कंपनीच्या कुकरात गोळाभात लावला, डाळीचे गोळे, वरून मोहरी-हिंगाचं कडक तेल. बायांनी कुकर पुसून खाल्ला. "दीदी, ये नागपूर में रोज बनता है?" मीही पोटभर जेवले. किती दिवसांनी!
साहेब मागे उभे. "पुलाव कुठाय?"
"उद्या."
"उद्या नको. पंधरा तारखेपासून टेबलावर बसा."

७ नोव्हें., घरी
ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. तर म्हणतात, "साहेब बरोबरच म्हणते. तू रडतं तिकडे, मले ठाऊक आहे. मग काहून जातं वं?"
रडते. लेकीची, मिनीची आठवण आली की रडते, कोणापासून लपवलं? पण सकाळी वेणी घालून कुकर मांडते की नाही? रडून काम करते, काम सोडून रडत नाही.
ह्यांना म्हटलं, तुम्ही अमरावतीला नोकरीवर होते, दर खेपेला बरणीभर लोणचं न्यायचे. तेव्हा कोणी म्हटलं का, याले घरी बसवा?
ह्यांनी पेपर उघडला.

८ नोव्हें.
मिनी गळ्यात पडली. "आई, आता तू रोज घरी?" रोज संध्याकाळी ती, तिचा अभ्यास, गरम पोळी... कोणाला नको? मलाही पाहिजे. पण बक्षीस म्हणून दिलं तर घेईन, शिक्षा म्हणून नाही. शिवाय ते टेबल मी पाहिलं आहे. पावत्या लावायच्या. नुसत्या पावत्या.

१२ नोव्हें.
बिलासपूरच्या दुकानदारानं बायांना कुकर पाहायला सोळा तारखेचं बोलावणं केव्हाच देऊन ठेवलं. ऑफिसात गेले. साहेबांना सांगितलं, टेबल नको, मी बिलासपूरला जाते.
"गेलात तर कंपनीतर्फे नाही. कुकर इथे ठेवा."
टेबलावर ठेवला. झाकण, शिटी, रबर, सगळं. बाहेर येऊन पाणी प्यायले.

१५ नोव्हें., गाडीत
तिकीट माझ्या पैशानं. निघताना स्वयंपाकघरातला आपला कुकर उचलला. ह्यांनी पाहिलं. "मग घरी भात कायच्यात करू?"
"पातेल्यात."
"मले नाही जमत."
"मिनीला जमते. मी शिकवलं आहे."
स्टेशनवर आले नाहीत. मिनी आली होती, रुसलेली, तरी डबा तिनंच दिला. रामटेकच्या एक बाई समोर बसल्या आहेत, विचारतात, कुकर घेऊन कुठं चालल्या? म्हटलं, कामावर.
तसं म्हणायचा हक्क अजून आहे का, ते परत आल्यावर कळेल. उद्या बाया येतील.