फेरपाठ बोरहाळच्या तिसरीवरच घेऊ द्यावा

दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. प्राचार्या,
शारदासदन अध्यापक विद्यालय,
धाराशिव.

अर्जदार : कु. श्रावस्ती बुद्धघोष सरवदे, छात्राध्यापिका, द्वितीय वर्ष, हजेरी क्र. ३१, रा. अणदूर, ता. तुळजापूर.

विषय : रद्द झालेल्या अंतिम पाठाचा फेरपाठ धाराशिव येथील सराव शाळेऐवजी जि. प. प्राथमिक शाळा, बोरहाळ (ता. उमरगा) येथील इयत्ता तिसरीच्या त्याच वर्गावर घेण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. १४ फेब्रुवारी. २) निरीक्षक मा. अमरसिंह घोगरे सर यांचा पाठ निरीक्षण अहवाल दि. ११ फेब्रुवारी.

महोदया,

आपले पत्र मला शनिवारी सकाळी मिळाले. गुरुवार, दि. २० रोजी धाराशिवच्या सराव शाळेत मला फेरपाठाची संधी दिली आहे, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. तरीही ती संधी त्या शाळेत न देता बोरहाळला द्यावी, अशी विनंती मी करीत आहे. आज सोमवार आहे आणि परवा शिवजयंतीची सुट्टी आहे. निर्णयाला एकच दिवस उरतो, म्हणून सर्व हकीकत एकदाच आणि सविस्तर लिहिते. अर्ज लांबला त्याबद्दल क्षमा असावी.

१. माझी आंतरवासिता २ डिसेंबरला बोरहाळला सुरू झाली. अणदूरहून येणेगूर, तिथून मुरुम आणि पुढे वडापची जीप, असा रोजचा प्रवास आहे. जाण्यापूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी तिसरीच्या गणिताची अकरा पाठ टाचणे तयार केली होती. खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या होत्या, तक्ते रंगवले होते. घरी आई-वडिलांना समोर बसवून पाठ घेऊन पाहिले होते. माझी तयारी पूर्ण आहे असे मला वाटत होते.

२. पहिल्या दिवशी मी हातच्याची वजाबाकी घेतली. वर्गात एकोणीस मुले. "बावन्नातून अठरा गेले, किती उरले?" असे मी विचारले. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "उरले." मी पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा "उरले" म्हटले. पहिल्या बाकावरच्या महादेवी नावाच्या मुलीला मी एकटीला उभे केले. तीही माझ्याकडे नीट बघून, हात मागे बांधून म्हणाली, "उरले, मॅडम."

आठ दिवस हेच चालले. माझ्या प्रश्नातला शेवटचा शब्द मला परत मिळे. नवव्या दिवशी मी मुख्याध्यापक आणि माझे मार्गदर्शक मा. सिद्धाराम हत्तुरे सर यांना म्हणाले की मुले माझी चेष्टा करतात. सर म्हणाले, "चेष्टा न्हाय बाई. ह्यांच्या घरात मराठी न्हाय. घरी, शेतात, गल्लीत सगळं कन्नड. मराठी कानावर पडतं ते इथं आल्यावर. तुमचं टाचण लई चांगलं हाय, पण त्यात ही पोरं कुठं हायत?"

मला राग आला होता, हे मी लपवत नाही. मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता आणि शिकण्याची जबाबदारी माझी आहे असेही वाटत नव्हते. त्या दिवशी मी शाळा बदलून मिळण्याचा अर्ज लिहिला.

३. तो अर्ज मी दिला नाही, त्याचे कारण पार्वतम्मा. त्या शाळेत पोषण आहार शिजवतात. अर्जावर सरांची सही घ्यायची म्हणून मी दुपारी स्वयंपाकाच्या खोलीजवळ थांबले होते. महादेवी ताटे वाटायला मदत करत होती. पार्वतम्मांनी चुलीकडून न वळताच तिला कन्नडमध्ये काही विचारले. महादेवी दारात पाठमोरी उभी होती. ताटांकडे न बघता तिने लगेच उत्तर दिले, "हदिनेळु."

पार्वतम्मांना मी विचारले, काय म्हणाली ती? त्या म्हणाल्या, "चाळीस ताटं होती. तेवीस गेली. किती ऱ्हायली म्हून इचारलं. सतरा म्हनली."

चाळीसातून तेवीस ही हातच्याचीच वजाबाकी आहे, महोदया. जी मी आठ दिवस फळ्यावर शिकवत होते, ती त्या मुलीला तोंडी येत होती. तिला येत नव्हता तो 'उरले' हा शब्द. आणि तो शब्द तिला येत नाही, हे मला आठ दिवसांत कळले नव्हते.

४. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी पार्वतम्मांसोबत तांदूळ निवडू लागले आणि निवडता निवडता त्यांच्याकडून आकडे शिकले. माझे उच्चार ऐकून त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोला बाई. चुकलं तर पोरं सांगतील की." त्याप्रमाणे वर्गात मी चुकत बोलले आणि मुलांनी सांगितले. 'मूवत्तनाल्कु' म्हणजे चौतीस हा आकडा मला नीट जमेपर्यंत त्यांनी मला एकदा चार वेळा म्हणायला लावला. जी मुले तोंड उघडत नव्हती, ती मला दुरुस्त करण्यासाठी बाकावर उभी राहू लागली.

भिंतीवर मी एक लांब कागद लावला. डाव्या बाजूला मुलांचा शब्द देवनागरीत, उजव्या बाजूला मराठी शब्द. पहिली ओळ 'उळीतु – उरले' ही होती. जानेवारीत मी डावीकडचे शब्द बोलायचे हळूहळू कमी केले. ३१ जानेवारीच्या चाचणीत एकोणीसपैकी सतरा मुलांनी हातच्याची उदाहरणे बरोबर सोडवली. दोघे चुकले, ते हातच्यात नव्हे, आकडे उतरवून घेताना चुकले. उत्तरपत्रिका सोबत जोडल्या आहेत.

५. अंतिम पाठ ११ फेब्रुवारीला होता. आदल्या दिवशी मा. घोगरे सरांनी फोनवर सूचना दिली होती, "माध्यम मराठी आहे, लक्षात ठेवा." मी हो म्हटले होते. पूर्ण पाठ मराठीतच घ्यायचा असे मी ठरवलेही होते आणि मुलांची तशी तयारी झाली होती.

सर वर्गात येऊन मागे खुर्चीवर बसले. अनोळखी माणूस, हातात वही. मुले एकदम गप्प झाली. मी उजळणीचे तीन प्रश्न विचारले, एकही हात वर आला नाही. मी महादेवीला फळ्याजवळ बोलावले आणि त्रेसष्टातून सत्तावीस वजा करायला सांगितले. तिने सहा खोडून वर पाच लिहिले आणि थांबली. खडू फळ्याला टेकवलेलाच होता. मागे सरांच्या पेनाचा आवाज येत होता. मी मराठीत दोनदा विचारले. तिने मागे वळून सरांकडे पाहिले आणि मान खाली घातली. आता ही रडणार आणि जागेवर जाऊन बसणार, हे मला दिसत होते.

मी तिच्या शेजारी गेले आणि किती उरले ते हळू आवाजात तिच्या भाषेत विचारले, "एष्ट उळीतु, महादेवी?"

ती म्हणाली, "मूवत्तारु." मग फळ्यावर छत्तीस लिहिले, वर्गाकडे वळली आणि मी काही न सांगता म्हणाली, "छत्तीस उरले, मॅडम." त्यानंतर नऊ हात वर आले. पुढची सगळी उत्तरे मराठीत आली.

अठराव्या मिनिटाला मा. घोगरे सर उठले. त्यांनी पाठ थांबवला आणि मुलांसमोर मला म्हणाले, "बाई, ही कन्नड शाळा नव्हे. सूचना देऊनही तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही नापास." मुलांना मराठीतले बरेच शब्द येत नाहीत. 'नापास' हा शब्द येतो.

६. सूचना असूनही मी दोन कन्नड शब्द बोलले, हे मला मान्य आहे. त्याबद्दल गुण कापले तर माझी तक्रार नाही. पण अहवालात "विद्यार्थ्यांना घटक समजलेला नाही" असेही लिहिले आहे. हे खरे नाही आणि ते वाक्य या मुलांच्या नावावर राहू नये.

७. आता मूळ कारण लिहिते.

पाठाच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले तेव्हा भिंतीवरच्या कागदाची डावी बाजू नव्हती. मुलांनी माझ्या आधी येऊन ती फाडली होती. पट्टी लावून, सरळ फाडली होती. उजव्या बाजूच्या एकाही शब्दाला धक्का लावला नव्हता. मी विचारले, कोणी फाडले? कोणी बोलले नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. आकडा विचारला तर पाटीवर लिहून दाखवतात, तोंडाने सांगत नाहीत.

महादेवी दोन दिवस आलीच नाही. शुक्रवारी पार्वतम्मा तिला घरून घेऊन आल्या. त्यांनी सांगितले की पोर घरीही बोलत नाही, आईने हाक मारली तरी नुसती बघते. मी तिला व्हरांड्यात जवळ बसवले. तेव्हा ती मराठीत म्हणाली, "मी बोललं म्हणून तुमी नापास झालं, मॅडम."

मी तिला सांगितले की तसे नाही. तिचा विश्वास बसला नाही. माझ्या नुसत्या सांगण्यावर कसा बसेल? तिने स्वतः ऐकले आहे.

८. धाराशिवच्या सराव शाळेत मी गुरुवारी पाठ घेतला तर बहुधा उत्तीर्ण होईन. तिथल्या मुलांना मराठी येते आणि छात्राध्यापकांची सवय आहे. माझ्या मैत्रिणींनी मला तेच करायला सांगितले, घरीही सर्वांचे तेच मत आहे. पण मी तिकडे पास झाले तरी बोरहाळच्या मुलांना एवढेच समजेल की आपल्याला सोडून दुसरीकडे गेल्यावर मॅडम पास झाल्या. २८ तारखेला माझी आंतरवासिता संपते. त्यानंतर त्या वर्गात जाऊन काही दुरुस्त करण्याचा मला अधिकार राहणार नाही.

९. ही विनंती मी शनिवारी फोनवर केली, तेव्हा विद्यालयाच्या कार्यालयातून सांगण्यात आले की मुले कन्नड भाषक असल्याचा दाखला जोडल्याशिवाय अर्ज घेता येणार नाही. मी मा. हत्तुरे सरांकडे गेले. सर म्हणाले, जनरल रजिस्टरला मातृभाषेच्या रकान्यात सगळ्यांची मराठीच लागली आहे, त्याविरुद्ध दाखला मला देता येत नाही. ग्रामपंचायतीत गेले. तिथे रहिवासाचा, हयातीचा, विधवा असल्याचा असे दाखले मिळतात, भाषेचा नमुना नाही असे कळले. तलाठी कार्यालय बंद होते. शेवटी पार्वतम्मा म्हणाल्या, "मी देते की दाखला." त्यांनी सांगितले ते मी कागदावर उतरवले आणि त्यांनी अंगठा दिला आहे. त्यात एवढेच आहे : "ही पोरं घरात कन्नड बोलत्यात. मी सगळ्यांच्या आया वळखते. पोरं हुशार हायत." हा दाखला नियमात बसत नसेल तर तो परत न करता अर्जासोबत राहू द्यावा.

१०. फेरपाठ बोरहाळला दिल्यास निरीक्षक म्हणून कोणीही यावे. मा. घोगरे सर पुन्हा आले तरी माझी हरकत नाही. मी मराठीतच शिकवीन. वर्ग गप्प राहिला तर पाठ पुन्हा रद्द होईल आणि मला वर्ष पुन्हा करावे लागेल, याची मला पूर्ण जाणीव आहे. तसे लेखी संमतिपत्र सोबत जोडले आहे. सध्या वर्ग गप्पच आहे, हेही आपल्यापासून लपवून ठेवत नाही. माझी अट नाही, एकच विनंती आहे : निकाल काहीही लागला तरी तो मला वर्गाबाहेर सांगावा.

आपला निर्णय उद्या दुपारपर्यंत कळवावा. तोपर्यंत मी शाळेतच थांबेन, मुलेही तेव्हा असतात.

आपली नम्र विद्यार्थिनी,
(सही)
श्रावस्ती बुद्धघोष सरवदे

सोबत : १) चाचणीच्या उत्तरपत्रिका, एकोणीस. २) पार्वतम्मा यांचे निवेदन, अंगठ्यासह. ३) संमतिपत्र. ४) मार्गदर्शक शिक्षकांचा अभिप्राय, बंद पाकिटात.

कार्यालयीन शेरा, दि. १८ फेब्रुवारी : विनंती मान्य. गुरुवारचा पाठ रद्द समजावा. फेरपाठ सोमवार, दि. २४ रोजी बोरहाळ येथे त्याच वर्गावर होईल. निरीक्षणास मी स्वतः जाईन. दाखला दप्तरी ठेवावा.
— रा. वि. गुंड, प्राचार्या

शेरा, दि. २४ फेब्रुवारी : फेरपाठ पाहिला. पहिली अकरा मिनिटे वर्गातून एकही उत्तर आले नाही. छात्राध्यापिकेने घाई केली नाही, आवाज चढवला नाही, मराठी सोडली नाही. बाराव्या मिनिटाला पहिल्या बाकावरील कु. महादेवी उभी राहिली. ती उत्तर देईल असे वाटले. तिने मागे वळून मला विचारले, "तुमी मॅडमला नापास करणार काय?" मी "नाही" म्हणाले. पाठ चालू असताना निकाल सांगणे नियमात बसत नाही, याची मला कल्पना आहे. त्यानंतर पाठ पस्तीसऐवजी पन्नास मिनिटे चालला, कारण मुले थांबेनात. उत्तीर्ण.
— रा. वि. गुंड