राउटरने दिलेलं उत्तर

धाकट्या,

आईला हॉस्पिटलात नेतेय. अ‍ॅम्ब्युलन्स खाली उभी आहे, म्हणून घाईत लिहितेय.

ती बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला असावा असं म्हणतायत. सकाळी दहापासून मी तिला फोन लावत होते, ती उचलेना, म्हणून तुला विचारलं. तू म्हणालास, “ताई, उगीच जिवाला घोर लावून घेतेस. आत्ताच ऑफिसातून घरचा राउटर पिंग केला. लगेच उत्तर आलं. घरी सगळं ठीक आहे.” पिंग म्हणजे काय ते मला कळत नाही, पण हे तुझं रोजचं काम, म्हणून तुझं ऐकलं. तरी चैन पडेना. तीन वाजता येऊन दार उघडलं. राउटरचे दिवे छान लुकलुकत होते.

आई तिच्या पलंगापाशी जमिनीवर होती. ओल्या कपड्यांनी सरपटत तिथवर गेली होती, कारण घरचा फोन इतकी वर्षं तिच्या उशाशी असायचा. डिजिटल लाइन घेतल्यावर तो राउटरलाच जोडावा लागतो म्हणून तू तुझ्या खोलीत नेलास. घाबरल्यावर ते तिच्या लक्षात राहिलं नाही.

तिचा चष्मा सापडला नाही, तो शोधून आण. रक्तदाबाच्या गोळ्याही आण. बाथरूमची फरशी पुसायची राहिलीय.

मघाशी तुला दोनदा फोन केला, तू दोन्हीदा कापलास. तिसऱ्यांदा लावत होते, तर आईनेच माझा हात धरला. म्हणाली, “राहू दे गं, तो कामात असेल.”

काम संपलं की ये.

ताई